बगाडाचा मान आणि वेदनेचा वारसा

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या विपुल लेखनात दोन छोटे निबंध असे आहेत की, ज्यांचे वाचक एकमेकांना सहसा ओळखत नाहीत. पहिला निबंध 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या इंग्लंडमधील नियतकालिकाच्या बाराव्या खंडात प्रसिद्ध झाला. अवघ्या चार पानांच्या त्या निबंधात एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर कसे मोजावे याचे एक गणिती सूत्र दिलेले आहे. दुसरा निबंध 'सायंटिफिक अमेरिकन'च्या फेब्रुवारी १९६७ च्या अंकात, म्हणजे कोसंबींच्या मृत्यूनंतर सुमारे आठ महिन्यांनी, छापला गेला. पश्चिम भारतातील खेड्यापाड्यांत जिवंत राहिलेला प्रागितिहास हा त्याचा विषय. त्यात बगाडाच्या विधीचे, म्हणजे पाठीत लोखंडी गळ टोचून घेऊन लाकडी आडावर टांगून घेणाऱ्या माणसाचे, वर्णन आलेले आहे. पहिला निबंध अनुवंशशास्त्राच्या अभ्यासकास ठाऊक असतो, दुसरा वेदनेच्या मानसशास्त्राच्या अभ्यासकास.

हे दोन निबंध शेजारी ठेवले असता एक जुना प्रश्न नव्या रीतीने विचारता येतो. गळावर लोंबणारा माणूस कण्हत नाही, हे कशामुळे? तो जन्मतःच इतरांहून निराळा असतो म्हणून, की ज्या प्रसंगी तो टांगला जातो त्या प्रसंगाने त्याच्या वेदनेचे रूपच पालटलेले असते म्हणून? पहिले उत्तर 'रक्ता'कडे बोट दाखविते, दुसरे संस्कृतीकडे. गेल्या दीड शतकात ही दोन्ही उत्तरे आळीपाळीने प्रचलित झाली, आणि त्यांचे परिणाम ग्रंथालयापुरते राहिले नाहीत. कोणाच्या कण्हण्यावर विश्वास ठेवावा आणि कोणाला वेदनाशामक औषध द्यावे, हे त्यांवरून ठरत आले. वेदनेच्या संवेदनेत आनुवंशिक भेद आहेत, यात आता शंका उरलेली नाही. परंतु ते भेद मुख्यत्वे व्यक्तिव्यक्तींमधील आहेत. कुळांच्या आणि जातिजमातींच्या सीमारेषांबरोबर ते चालत नाहीत. कुळात चालत येणारा मान आणि कुळात चालत येणारे जनुक हे दोन वारसे निराळ्या नियमांनी चालतात, आणि त्यांची गल्लत केल्यानेच या विषयातील बहुतेक घोटाळे उत्पन्न झाले, असे या इतिहासावरून दिसून येते.

१. विधी आणि त्याची नावे

'बगाड' हा शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात नोंदलेला आहे. मूळात तो विधीचा नव्हे, तर साधनाचा वाचक होय. उभा खांब, त्यावर फिरणारे आडवे लाकूड आणि त्या लाकडाच्या टोकाला टांगलेला माणूस, अशी ही रचना असते. पुण्याजवळील हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या यात्रेत, चैत्री पौर्णिमेच्या सुमारास, पाठीत गळ टोचून घेणाऱ्यास 'गळकरी' म्हणतात. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातील बावधन येथे रंगपंचमीस भैरवनाथाचे बगाड निघते. तेथे त्या माणसास 'बगाड्या' म्हणतात व त्यास आता गळ न टोचता दोरांनी बांधून टांगतात. दोन्ही ठिकाणी माणूस निवडण्याची रीत भिन्न आहे. हिंजवडीस हा मान एका ठराविक कुळाकडे परंपरेने चालत आलेला असून त्या कुळातील एकाची त्या त्या वर्षी निवड होते. बावधनास नवस बोललेल्यांपैकी एकास देवाचा कौल लागतो. हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्राची हद्द ओलांडली की शब्द बदलतो, विधी फारसा बदलत नाही. कन्नड आणि तेलुगू प्रदेशांत तो 'सिडी' या नावाने ओळखला जातो, तमिळ प्रदेशात 'चेडिल' म्हणून आणि बंगालमध्ये 'चडक' म्हणून. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम हे गाव या भाषिक सीमेच्या अगदी निकट आहे. तेथून दक्षिणेस व पूर्वेस थोडे अंतर गेले की 'बगाडा'चा मुलूख संपून 'सिडी'चा मुलूख सुरू होतो. या भागाची राजकीय स्थितीही ध्यानात घेण्याजोगी आहे. उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि २०२३ मध्ये त्याचे नाव धाराशिव झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अंमलाखालील प्रदेशांत या विधीवर निर्बंध आले. बंगाल सरकारने १८६५ साली तो बंद केला. मद्रास इलाख्यात १८९० नंतरच्या दशकातही त्याविषयी वाद चालू होता. परंतु इंग्रजी हुकूम निजामाच्या मुलखात आपोआप लागू होत नव्हते. म्हणजे एका अखंड सांस्कृतिक प्रदेशात एकच कृत्य एका गावी गुन्हा आणि काही कोसांवरील दुसऱ्या गावी देवकार्य ठरू शकत होते.

या निर्बंधांच्या मुळाशी वेदनेविषयीचे एक गृहीत होते. हा प्रकार क्रूर आहे असे म्हणावयाचे, तर टांगलेल्या माणसास यातना होतात असे धरावे लागे. आणि तो माणूस स्वखुशीने, हसतमुखाने टांगून घेतो असे दिसले की त्या गृहीताला तडा जाई. त्या काळच्या पाश्चात्त्य विद्वत्तेने यातून एक सोपी वाट काढली होती. अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल याने १८९२ साली असे मत मांडले की, सुधारणेबरोबर माणसाची दुःख भोगण्याची क्षमता तीव्र होत गेली आणि रानटी माणसास सुधारलेल्या माणसाइतके दुखत नाही. हे मत एकट्या मिचेलचे नव्हते. ते त्या काळच्या वैद्यकाच्या सामान्य समजुतीचा भाग होते. या मताप्रमाणे गळकऱ्याचे न कण्हणे हा त्याचा संयम ठरत नाही, श्रद्धा ठरत नाही. ती त्याच्या वंशाची उणीव ठरते.

२. कोसंबींचे निरीक्षण आणि मेलझॅक यांचे वाचन

कोसंबींनी बगाडाकडे वेदनेच्या दृष्टीने पाहिलेच नव्हते. लिखित साधने जेथे मुकी होतात तेथे शेतातील दगडी हत्यारे, रानातील तांदळे, पालखीचे मार्ग आणि जत्रांचे आचार यांवरून इतिहास वाचावा, ही त्यांची पद्धती. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात ती सविस्तर पाहावयास मिळते. बगाड हा त्यांच्या लेखी अतिप्राचीन आचाराचा टिकून राहिलेला अवशेष होता.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी या वर्णनाचा उपयोग निराळ्या कारणासाठी केला. पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ साली त्यांनी वेदनेचा 'द्वार-नियंत्रण सिद्धान्त' मांडला होता. इजा झालेल्या भागाकडून येणारा संदेश जसाच्या तसा मेंदूपर्यंत पोहोचत नाही. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार असते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश, म्हणजे लक्ष, भीती, अपेक्षा, पूर्वानुभव, ते दार कमी-अधिक उघडतात किंवा मिटतात, असे या सिद्धान्ताचे सार. अशा सिद्धान्तास उदाहरण हवे होते. कोसंबींच्या वर्णनात गळकऱ्याच्या मुद्रेवर यातनेऐवजी एक प्रकारची तन्मयता दिसते, गळ काढल्यावर जखमांवर केवळ राख लावली जाते आणि त्या लवकर भरून येतात. मेलझॅक यांनी हे सर्व आपल्या ग्रंथात घेतले, आणि १९७३ नंतर वेदनाविषयक पाठ्यपुस्तकांत बगाड हे संस्कृतीच्या सामर्थ्याचे ठरीव उदाहरण होऊन बसले.

मिचेलच्या मतापेक्षा हे वाचन निःसंशय अधिक न्याय्य होते. गळकऱ्यास वंशाने बधिर न ठरविता त्यास अर्थ जाणणारा माणूस मानले गेले. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने असेच काही पाहून १९४६ मध्ये लिहिले होते. रणांगणावर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुसंख्यांनी वेदनाशामक मागितलेच नव्हते, कारण त्यांच्या लेखी जखम म्हणजे मृत्यूच्या तावडीतून सुटका होती. तरीही पाठ्यपुस्तकांतील बगाडात एक उणीव राहिली. तेथे पुरावा आहे तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा. गळकऱ्याचे स्वतःचे शब्द तेथे नाहीत. वेदना दिसली नाही, यावरून वेदना नव्हती असे अनुमान काढण्यात आले. हा मुद्दा भाषेच्या अभ्यासकास विशेष जाणवतो, आणि त्याकडे शेवटी परत यावयाचे आहे.

३. चार पानांचे सूत्र

आता दुसऱ्या निबंधाकडे वळू. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना कोसंबींनी जनुकांच्या अंतराचा प्रश्न हाती घेतला. माता व पिता यांजकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोडीत, बीजपेशी तयार होताना, तुकड्यांची अदलाबदल होते. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके जितकी दूर, तितकी ती या अदलाबदलीत एकमेकांपासून तुटण्याचा संभव अधिक. म्हणून ती किती संततींत तुटली, हे मोजून त्यांमधील अंतर काढता येते. अडचण अशी की, दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात व मोजणीतून निसटतात. हॉल्डेन यांनी १९१९ साली दिलेल्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात मात्र एक अदलाबदल आपल्या निकट दुसरीस काहीशी अडविते. कोसंबींच्या सूत्रात या अडवणुकीचा हिशेब धरलेला आहे.

उदाहरणार्थ, शंभरांपैकी २० संततींत दोन जनुके तुटलेली आढळली, तर हॉल्डेनच्या सूत्राने त्यांमधील अंतर सुमारे २५.५ एकके येते, तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२ एकके. पिके, पशू आणि मानव यांचे जनुकीय नकाशे आखणारे संशोधक आजही या दोन सूत्रांतून एकाची निवड करतात. ज्या नियतकालिकात हा निबंध आला त्याच्या नावातील 'युजेनिक्स', म्हणजे सुप्रजननाचा विचार, पुढे जगभर कलंकित ठरला. १९५४ मध्ये त्याचे नामांतर होऊन ते 'अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' झाले. मानववंशांची उच्चनीच प्रतवारी लावण्याच्या हेतूने निघालेल्या नियतकालिकाच्या पानांतून प्रतवारीशी काहीही संबंध नसलेले एक शुद्ध मोजमाप बाहेर पडावे, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

४. ज्यांना खरोखरच दुखत नाही

जन्मतः वेदना न जाणवणाऱ्या माणसाचे पहिले वैद्यकीय वर्णन १९३२ साली डिअरबॉर्न या अमेरिकन डॉक्टरने प्रसिद्ध केले. तो मनुष्य अंगात टाचण्या टोचून घेण्याचे खेळ करीत असे. त्यानंतर असे रुग्ण तुरळक आढळत गेले. परंतु कारण कळण्यास कुटुंबांचा अभ्यास व्हावा लागला. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी अशा एका विकाराचे कारण असलेले जनुक दाखवून दिले; या विकारात वेदनेबरोबर घामही नाहीसा होतो. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांतील सहा व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना स्पर्श कळे, ऊन-गार कळे, गुदगुल्याही होत; फक्त दुखत नसे. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एस्‌सीएन९ए या जनुकात बिघाड असल्याने, इजेचा संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूंतील एक सोडियम-वाहिनी त्यांच्यात निकामी झाली होती. याच जनुकातील उलट प्रकारच्या दोषामुळे हातापायांची भयंकर आग होते, हे चिनी संशोधकांनी २००४ मध्येच दाखविले होते. एकाच जनुकाच्या दोन दोषांपैकी एकाने वेदना लोपते, तर दुसऱ्याने ती असह्य होते.

या अभ्यासाचा आरंभ ज्या मुलापासून झाला त्याची हकीकत बगाडाशी ताडून पाहण्यासारखी आहे. तो दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. हातातून सुऱ्या आरपार घाली, निखाऱ्यांवरून चाले. चौदाव्या वाढदिवशी घराच्या छपरावरून उडी मारल्यामुळे तो मरण पावला. अभ्यासातील इतर मुलांच्या ओठांना आणि जिभांना त्यांच्याच दातांनी लहानपणी इजा केलेल्या होत्या. बहुतेकांची हाडे मोडून दुरुस्त झालेली होती, आणि काहींची मोडल्याचे वेळीच कळलेही नव्हते. वेदनेचा अभाव हे सामर्थ्य नसून अपंगत्व आहे. ज्याला खरोखर दुखत नाही तो शरीर सांभाळावयास शिकत नाही.

यावरून गळकऱ्याविषयीचे जन्मजात बधिरतेचे अनुमान तपासता येते. गळकरी हा उरलेले तीनशे चौसष्ट दिवस इतरांसारखा शेतकरी किंवा कामकरी असतो. बधिरता त्याच्या कुळात उतरत असती, तर त्या कुळात तुटलेल्या जिभा, वाकडी झालेली हाडे आणि अकाली मृत्यू पिढ्यान्‌पिढ्या दिसले असते, आणि असे कुळ गावात मानाचे न ठरता रोगाचे ठरले असते.

दुसरी कसोटी वारशाच्या गणिताची आहे. बगाडाचा मान पित्याकडून पुत्राकडे अखंड जातो. जनुके तशी जात नाहीत. मराठी समाजात समान कुळात विवाह निषिद्ध असल्याने प्रत्येक पिढीत निम्मी जनुके परक्या कुळातून आलेल्या मातेकडून येतात. त्यामुळे थेट पूर्वजाच्या जनुकांचा सरासरी वाटा पाचव्या पिढीस बत्तिसांश आणि दहाव्या पिढीस एक हजार चोविसांश इतकाच उरतो. मान मात्र दहाव्या पिढीसही सबंध असतो. शिवाय पाकिस्तानातील कुटुंबांत आढळलेला दोष अप्रभावी स्वरूपाचा आहे. तो माता आणि पिता या दोघांकडूनही यावा लागतो. त्या कुटुंबांत आप्तविवाह रूढ असल्याने तो तसा आला. महाराष्ट्रातही, विशेषतः दक्षिणेकडील भागात, मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे, हे इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) मध्ये नोंदविले आहे. म्हणजे असा दुर्मिळ दोष येथेही एखाद्या घरी प्रकट होऊ शकेल. पण तो चार भावंडांपैकी सरासरी एकात प्रकट होईल, मुलगा-मुलगी असा भेद करणार नाही, आणि मान कोणत्या घराकडे आहे हे तर तो मुळीच पाहणार नाही. बावधनास तर मान कुळात नाहीच. तो कौलाने ठरतो. तेथे वंशाचे स्पष्टीकरण लागू पडण्यास जागाच राहत नाही.

५. सर्वसामान्य माणसांतील भेद

मग आनुवंशिक भेदांना काहीच स्थान नाही काय? आहे, आणि ते लक्षणीय आहे. एकाच बीजापासून झालेली जुळी भावंडे आणि दोन बीजांपासून झालेली जुळी भावंडे यांची तुलना करून हा वाटा काढण्यात येतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेच्या एका अभ्यासात बर्फाळ पाण्यात हात बुडविल्याने होणाऱ्या वेदनेतील व्यक्तिभेदांपैकी सुमारे ६० टक्के, तर उष्णतेने होणाऱ्या वेदनेतील सुमारे २६ टक्के भेद आनुवंशिक कारणांशी जोडता आले. याहून उद्बोधक गोष्ट अशी की, हे दोन वाटे बव्हंशी परस्परांहून भिन्न होते. गारठ्याची वेदना ज्याला अधिक होते त्याला भाजण्याची वेदनाही अधिक होईलच, असे नाही. म्हणून 'वेदना सोसण्याची शक्ती' अशी एकच एक वस्तू एखाद्यात कमी किंवा जास्त असते, ही कल्पनाच टिकत नाही. मग ती एखाद्या जातीत कमी असते हे म्हणणे दूरच राहिले.

एकेका जनुकाचा शोध घेतला असता तेच दिसते. मेंदूतील काही संदेशवाहक द्रव्यांचे विघटन करणाऱ्या विकराचे सीओएमटी हे जनुक वेदनेच्या तीव्रतेशी निगडित असल्याचे २००३ आणि २००५ मध्ये सांगण्यात आले. पुढील अभ्यासांत त्याचा प्रभाव कधी आढळला, कधी नाही. तांबड्या केसांना कारण होणाऱ्या जनुकाचा एका विशिष्ट वेदनाशामकाच्या परिणामाशी संबंध २००३ मध्ये दिसला, पण तो केवळ स्त्रियांत. कोडीन हे औषध यकृतातील एका विकराने मॉर्फीनमध्ये रूपांतरित केल्यावरच गुण देते. ज्यांच्यात हा विकर जन्मतः मंद असतो त्यांना ते घेऊनही उतार पडत नाही. असा रुग्ण वारंवार तक्रार करू लागला की त्याला ढोंगी ठरविण्यात येते, वस्तुतः दोष औषधाच्या निवडीत असतो. अनेक जनुकांचे छोटे छोटे परिणाम, त्यांत वय, लिंग, पूर्वीची दुखणी, झोप आणि चिंता यांची भर, असे या विषयाचे आजचे चित्र आहे.

द्वार-नियंत्रणाचा सिद्धान्त आणि अनुवंशशास्त्र यांचा विरोधही यामुळे मिटतो. दार मिटणाऱ्या संदेशांत शरीराने स्वतःच निर्माण केलेल्या अफूसदृश द्रव्यांचा वाटा असतो. ती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे शोधण्यात आली. ही द्रव्ये आणि त्यांना प्रतिसाद देणारी ग्राहके जनुकांच्याच आज्ञेने घडतात. दार कसे घडले आहे हे वारशाचे काम. ते केव्हा मिटावे हे जत्रा, रणांगण किंवा आईची फुंकर ठरविते.

६. विदर्भातील उलट उदाहरण

जनुकाने वेदना नाहीशी होण्याची उदाहरणे विरळा. जनुकाने वेदना येण्याचे उदाहरण मात्र महाराष्ट्रात हजारो घरांत आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की ऑक्सिजन कमी होताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात दारुण कळा येतात. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील आढळाविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. विदर्भात आणि सातपुड्याच्या आदिवासी भागात सिकलसेल हा शब्द आता घरोघर माहीत आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू करण्यात आली.

या विकारात जनुकाचा दोष सर्वांचा एकच असतो. दुखणे मात्र एकसारखे नसते. जन्मानंतरही ज्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते त्याला त्रास कमी होतो. इतर काही जनुकांचाही परिणाम दिसतो. एक भाऊ वर्षातून एकदा रुग्णालयात जातो, दुसरा महिन्यातून एकदा. आणि येथेच मिचेलच्या मताची छाया पुन्हा आढळते. ज्या समाजांत हा विकार अधिक, ते श्रमजीवी आणि उपेक्षित समाज आहेत. त्यांना 'सोसण्याची सवय' असते, ही समजूत सहज पसरते. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोनशेहून अधिक वैद्यकीय विद्यार्थी व शिकाऊ डॉक्टर यांना प्रश्न विचारले गेले. त्यांतील सुमारे निम्म्या गोऱ्यांच्या मनात कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यांसारखी काही ना काही खोटी समजूत होती, आणि अशी समजूत बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीयांची वेदना कमी लेखली. मिचेलचे विधान पाठ्यपुस्तकांतून गेले, तरी रुग्णाच्या खाटेशी ते अद्याप उभे असते.

७. वेदनेचे शब्द

वर उल्लेखिलेल्या जवळजवळ सर्व संशोधनात एक गोष्ट समान आहे. रक्ताच्या थेंबावरून जनुक वाचता येते, पण वेदना वाचता येत नाही. ती त्या माणसाने सांगावी लागते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातील टक्केवारीही अखेर कोणी तरी तोंडाने सांगितलेल्या आकड्यावर उभी आहे. मेलझॅक यांना याची पूर्ण जाणीव होती. त्यांनी टॉर्गरसन यांच्यासह १९७१ मध्ये इंग्रजीतील वेदनावाचक शब्दांची वर्गवारी केली आणि १९७५ मध्ये तिच्या आधारे मॅकगिल विद्यापीठाची प्रसिद्ध प्रश्नावली सिद्ध केली.

या दृष्टीने मराठीचे भांडार विलक्षण समृद्ध आहे. गळवाचा ठणका, दाढेची कळ, पाठीत भरलेली उसण, पायाला आलेली रग, डोळ्यांची चुरचुर, भाजल्याची भगभग, कोवळ्या जखमेची हुळहुळ, पिकलेल्या फोडाची ठसठस, पोटातला मुरडा, काट्याचा सल. यांतील प्रत्येक शब्द कालावधी, स्थान आणि गुण यांचे निराळे मिश्रण सांगतो. 'ठणका' आणि 'ठसठस' यांत नाडीची लय आहे, 'कळ' क्षणात येऊन जाते, 'रग' साचत जाते. 'सल' हा संस्कृत 'शल्य' पासून आलेला. तो शरीरातून मनात केव्हा गेला हे बोलणाऱ्यासही कळत नाही. बर्फाच्या पाण्याची आणि तापल्या धातूची वेदना निराळी, हे जुळ्यांच्या अभ्यासाने २००८ मध्ये आकड्यांत सांगितले. मराठी बोलणाऱ्याने त्यांना आधीच निराळी नावे दिलेली आहेत. 'शून्य ते दहा यांपैकी किती दुखते?' या एका प्रश्नात हे सर्व भेद सपाट होतात.

'वेदना' हा शब्द 'विद्', म्हणजे जाणणे, या धातूपासून आलेला आहे. पालीत तो केवळ दुःखाचा वाचक नाही. सुख, दुःख आणि सुखही नव्हे दुःखही नव्हे अशी, तीनही प्रकारची जाणीव म्हणजे वेदना. दामोदर कोसंबींचे पिते धर्मानंद यांनी आयुष्य ज्या भाषेच्या अध्ययनात घालविले त्या भाषेने वेदनेला जाणिवेचा एक प्रकार मानले होते. वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येच्या स्पष्टीकरणात, वेदना हा नेहमीच व्यक्तिगत अनुभव असतो आणि माणसाने सांगितलेल्या वेदनेचा आदर राखला पाहिजे, असे नमूद केले आहे. दोन्ही विचारांचा रोख एकाच दिशेने आहे.

आता गळकऱ्याकडे पाहिले असता, त्यास दुखते की नाही हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो. त्यास काय जाणवते, ते तो कोणत्या शब्दांत सांगतो, गळ टोचताना, टांगल्यावर आणि दुसऱ्या दिवशी हे शब्द बदलतात काय, हे विचारावयास हवे. आणि हेच प्रश्न बगाडाच्या मुलखात मराठीतून व सिडीच्या मुलखात कन्नडमधून विचारले, तर उत्तरे कितपत जुळतात हेही पाहावयास हवे. मुरुमसारख्या सीमेवरील गावांतील द्वैभाषिक बोलणारे या कामी विशेष उपयोगी ठरतील. अनुवंशशास्त्राने व्यक्तिव्यक्तींतील भेद दाखवून वंशाची सबब काढून घेतली आहे. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाविषयी असो की गळकऱ्याविषयी, निर्णय त्याच्या जातीवरून किंवा मुद्रेवरून न करता त्याच्या बोलण्यावरून करणे प्राप्त आहे. ते बोलणे अचूक टिपण्याची साधने मराठीत अजून तयार व्हावयाची आहेत. वैद्यक आणि भाषाशास्त्र या दोन्ही विभागांना ते काम मिळूनच करावे लागेल.